बांधावरचं बोलणं

माझ्या घरी फोन होता, पण पाच वर्षं त्यावर कुणी माणूस बोलला नाही. नंबर लावला की आधी कर्कश शीळ यायची, मग खरखर, मग घरघर. सासूबाईंनी एकदा ठाण्याहून फोन केला आणि जावयाच्या घरी काहीतरी जळतंय अशी समजूत करून घेऊन त्यांच्या चाळीतला अख्खा मजला गोळा केला. त्यानंतर स्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, शेजाऱ्यांचा नंबर सगळ्या नातेवाइकांना देऊन टाकला आणि आमच्या फोनवर पाणी सोडलं.

तो फोन ‘बांध’चा होता. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाला खेटून एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू असायचा. त्याला मोडेम आणि मोडेमला फोन जोडलेला. बाहेरच्या कुणी आपल्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर फिरवला की त्याच्या पडद्यावर बांध उघडायचा. आधीच्यांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहायचं, फोन ठेवायचा. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. इंग्रजीत याला बुलेटिन बोर्ड म्हणतात. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभं राहून माणसं बोलतात, आणि भांडतातही तिथेच. म्हणून नाव बांध. स्मिता विचारायची, ज्या बांधावर दुसरं माणूस कधी उभंच नसतं तिथे तुम्ही लोक बोलता कुणाशी?

प्रश्न बरोबर होता, पण तेव्हा मी तो हसण्यावारी नेला. कारण त्या एकेकट्या येण्यातच गंमत होती. एकाने सोमवारी टोमणा मारायचा, दुसऱ्याने मंगळवारी वाचायचा, तिसऱ्या दिवशी उत्तर. राग यायला आणि निवायला मध्ये वेळ मिळायचा. आता इंटरनेटवर पोरं मिनिटाला एक शिवी देतात आणि त्याला चर्चा म्हणतात. आमच्या शिव्यासुद्धा विचारपूर्वक दिलेल्या असत.

मी कृष्णात. तुर्भ्याला रंगांच्या एका कारखान्यात ईडीपी खात्यात आहे. ईडीपी म्हणजे कारखान्यातली ती कॉम्प्युटरची खोली जिथे एसी असतो, पण माणसांसाठी नाही. पंच कार्डांच्या काळापासून मी हे यंत्र पाहतोय आणि तेव्हापासून त्याच्याबद्दलची बातमी एकच आहे: आता सगळं बदलणार. दर दोन वर्षांनी नवी चिप येते, ती आधीच्या चिपच्या दुप्पट धावते, आणि आता सगळं बदलणार. बदललं काय? आमच्या कारखान्याची पगारपत्रकं आधी चुकीची निघत, ती आता चुकीची पण लवकर निघायला लागली. तरी सांगतो, मला या बातम्यांचं व्यसन होतं. वाशीच्या एका रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकं यायची, तीन-तीन महिन्यांची जुनी. ती चाळून दर रविवारी मी बांधावर ‘या आठवड्याच्या बातम्या’ लिहायचो. शिळ्या कढीला ऊत म्हणा हवं तर. पण गावात दुसऱ्या कुणाच्या घरी कढीच नव्हती.

आणि त्या मी मराठीत लिहायचो. हा माझा खरा अभिमान. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी म्हटलं की लोक आत बसवायच्या महागड्या सरकारी कार्डाचं नाव काढायचे. मी वर्षभर खपून एक छोटा प्रोग्राम केला. तो चढवला की साध्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत. प्रत्येक सभासदाला मी त्याची फ्लॉपी दिली आणि बजावलं, बांधावर लिहायचं तर आपल्या भाषेत. काहींनी नाकं मुरडली, काहींना शब्दच सुचेनात. पण चाळीस-पन्नास माणसं, कोपरखैरण्यापासून कळंबोलीपर्यंतची, कॉम्प्युटरवर मराठीत लिहू लागली. याहून मोठं काही माझ्या हातून झालेलं नाही आणि आता होईल असंही वाटत नाही.

त्यातला एक किसन. मूळचा मराठवाड्यातला, राहायला कोपरखैरण्यात, तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर. त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, फोनही नव्हता. कंपनीच्या स्टोअरमध्ये एक मशीन होतं. दुपारी त्यावरून हेड ऑफिसला मालाचे आकडे पाठवायचे असत. ते काम झालं की जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या परवानगीने तो बांधाला फोन लावायचा. वर्षातून एकदा आम्ही सगळे वाशीच्या एका उडप्याकडे भेटायचो. एरवी पानंच्या पानं लिहिणारी माणसं तिथे समोरासमोर बसून इडलीकडे बघत राहायची. किसन एकाच वर्षी आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, बशीत ओतून चहा प्यायला, जाताना मला नमस्कार करून म्हणाला, येतो सर. माझी-त्याची प्रत्यक्षातली ओळख एवढीच.

लिहायला बसला की मात्र तो आवरायचा नाही. माझ्या बातमीखाली त्याचं उत्तर हमखास असायचं. सुरुवात बातमीपासून, मग स्टोअर, मग गाव, मग आणखी कुठे कुठे. तो काय म्हणतोय ते कळायला शेवटपर्यंत जावं लागे, आणि शेवटीही कळेलच असं नाही.

शहाण्णव सालच्या दिवाळीत बांधाची डिस्क काठोकाठ भरली. नवी घ्यायची ऐपत नव्हती आणि जुनं पुसायला मन होईना. तेव्हा आमचा सुरुवातीचा एक सभासद, स्वानंद, अमेरिकेत शिकायला गेला होता. त्याने कळवलं, सगळं मला पाठवा, इथे विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर वाटेल तेवढी जागा आहे. आम्हाला केवढा आनंद झाला. मराठी माणसाची वस्तू अमेरिकेत ठेवली म्हणजे बँकेच्या लॉकरात ठेवली. मी ऑफिसच्या इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने तीन वर्षांचं बोलणं पाठवलं. नीट गुंडाळून पाठवायची एक पद्धत होती, पण त्याने आकार वाढायचा आणि लाइन मध्येच तुटायची. मी म्हटलं, साधी अक्षरं तर आहेत, तशीच जाऊ देत. स्वानंदने पहिलं पान उघडून पाहिलं. ते बांधाच्या स्वागताचं पान, इंग्रजीतलं. त्याने कळवलं की सगळं उत्तम पोचलंय. मी डिस्क पुसली आणि बांधावर जाहीर केलं की आपलं सगळं बोलणं आता सुरक्षित आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. नंतर ते कुणीही उघडून पाहिलं नाही. जुनं बोलणं कोण वाचतं?

पुढे इंटरनेट घरोघर आलं आणि बांधावरची माणसं कमी व्हायला लागली. निरोप घेऊन कुणी गेलं नाही. बांधाला दार नसतं, त्यामुळे माणूस गेलं ते कळतही नाही. एकाने जाता जाता अमेरिकेतली ताजी बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, सर, तुम्हाला ही तीन महिन्यांनी कळेल. मी त्याला हसून उत्तर दिलं. त्या रविवारी बातम्या लिहिल्या नाहीत, आणि बातम्या का नाहीत असं एकानेही विचारलं नाही. नवी मंडळी मोठमोठ्या साइटींवर इंग्रजी अक्षरांत मोडकंतोडकं मराठी लिहीत होती, ‘ae kay mhantos’ म्हणत होती, आणि त्यांचं मजेत चाललं होतं. माझी लिपी कुणाला नकोच होती. अठ्ठ्याण्णव सालापर्यंत दिवसाकाठी एखादा फोन यायचा, तोही बहुधा राँग नंबर. किसन तर त्याच्याही बराच आधी दिसेनासा झाला होता. मी म्हटलं, असेल कामात.

त्या वर्षी गणपती झाल्यावर बांधावर एक निरोप आला. प्रितमचा. प्रितम आमचा सभासद, वाशीला कुरियर कंपनीत नोकरी, आणि कोपरखैरण्यात किसनच्याच गल्लीत राहणारा. किसनकाका गेले, ड्युटीवरच हार्ट अटॅक आला, एवढंच लिहिलं होतं. तो निरोप माझ्याच घरातल्या मशिनवर दोन दिवस पडून होता. मी स्वतःच बांधावर फिरकलो नव्हतो.

प्रितमला घेऊन मी भेटायला गेलो. एका खोलीचं बैठं घर, दारात चपलांची गर्दी ओसरलेली. किसनच्या बायकोचं नाव रखमा, हे मला प्रितमने वाटेत सांगितलं. मुलगी पायल, बारावीत शिकणारी. भेटायला जाताना माणूस रिकाम्या हाताने जात नाही, चार बरे शब्द घेऊन जातो. तशी रीतच आहे. मीही म्हणालो, “किसनरावांसारखं लिहिणारा आमच्यात दुसरा नव्हता, वहिनी.”

खोटं नव्हतं ते. खरं होतं असंही नाही. मी ते तोलून पाहिलंच नव्हतं.

रखमावहिनींनी मान वर केली. “लिवायचे? हे?”

मग मी फुशारलो. रोज लिहायचे, वीस-वीस मिनिटं लिहायचे, असं सांगितलं. त्या पायलकडे बघायला लागल्या. नवरा घरी कसा होता ते त्यांनीच हळूहळू सांगितलं. यायचे, जेवायचे, दाराशी बसायचे. चार-चार दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. लग्न झालं तेव्हा असे नव्हते, मागाहून झाले. आपला माणूस मुकाच आहे असं धरून त्यांनी संसार केला होता. आता मी येऊन सांगत होतो की तो मुका नव्हता, फक्त इथे बोलत नव्हता.

“काय लिवायचे हो?” त्यांनी विचारलं.

“सगळंच. गावाचं, कंपनीतलं. तुमचंसुद्धा.”

‘तुमचंसुद्धा’ हे माझ्या तोंडून असंच निघालं. लिहिलं असणार असं मला वाटलं. इतकं लिहिणारा माणूस बायकोविषयी लिहिल्याशिवाय कसा राहील?

“माझं?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यात गावाकडचे लोक आले की समाजमंदिरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. “समदे त्यांच्याबद्दल बोलतील, भाऊ. त्यांचं बोलनं मातर कुनीच ऐकलं न्हाई. तेवढं कागदावर काढून द्या. पायल वाचंल. मला ऐकायचंय.”

मी एका दमात हो म्हटलं. आठवडाभरात आणून देतो म्हटलं. पायरी उतरताना मला बरं वाटत होतं. पाच वर्षांनी बांधाचा कुणाला तरी खरोखर उपयोग होणार होता.

स्वानंदला निरोप पाठवला. तो आता नोकरीला लागला होता, पण भला माणूस, त्याने विद्यापीठातून सगळं शोधून परत पाठवलं. ऑफिसात बसून मी ते उघडलं. इंग्रजी पान स्वच्छ. तारखा, वेळा, नावं स्वच्छ. आणि जिथे मराठी होतं तिथे कंस, टक्के, डॉलर, आकडे, निरर्थक इंग्रजी अक्षरं, आणि मध्येच काही नाही.

काय झालं ते कळायला मला फार वेळ लागला नाही, हेच वाईट. मशिनसाठी एकेक अक्षर म्हणजे मिसळणाचा डबा, आणि त्या डब्यात सात वाट्या असतात. इंग्रजी त्या सातांत मावतं. मराठीसाठी मी आठवी वाटी घुसवली होती. माझा प्रोग्राम सगळा त्या आठव्या वाटीवर उभा. ते टपाल ज्या ज्या जुन्या मशिनांवरून अमेरिकेला गेलं, त्यांतल्या कुठल्यातरी एकाला सातच वाट्या माहीत होत्या. त्याने आठवी रिकामी केली आणि डबा पुढे पाठवला. मी तो नीट गुंडाळून पाठवला असता तर हे झालं नसतं. इंग्रजीला धक्का लागला नाही. गेलं ते फक्त आपलं.

घरी फ्लॉप्यांवर एक प्रत होती. कपाटातून डबा काढला, तर खाडीकाठच्या हवेने त्या चकत्यांवर पांढरी बुरशी धरलेली. एकही वाचली गेली नाही. बुरशी लागून मशिनचं फ्लॉपी वाचायचं तोंडही बिघडलं.

मी प्रितमला बोलावलं. लागोपाठ तीन रविवार दुपारी आम्ही त्या राडारोड्यासमोर बसलो. आठवी वाटी पुन्हा जोडणारा एक प्रोग्राम मी लिहिला. काही अक्षरं परत आली. प्रितम म्हणाला, “सर, आलं की. होऊन जाईल.” मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण माझ्या लिपीतली पहिली बत्तीस चिन्हं आठव्या वाटीशिवाय मशिनला अक्षरं नव्हे, हुकूम वाटत; ती वाटेत पार गळून गेली होती, त्यांचा मागमूसही नव्हता. आणि त्या पहिल्या बत्तिसांत मी काय ठेवलं होतं? जे जास्त लागतं ते. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, आणि क, त, न, म, र, ल, स यांसारखी रोजची अक्षरं. सगळ्यात कामाची म्हणून त्यांना मी पहिला मान दिला होता. उरली ती मागच्या बाकावरची. ख, घ, ठ, ढ, फ, भ. आपला मुंबईचा माणूस बोलताना ज्यांतला जोर हटकून गाळतो, नेमकी तीच. किसनचं एकेक पान म्हणजे मोकळी जागा, त्यात एक ठ, पुढे दोन भ, मग बरंच काही नाही.

प्रितम एका ठिकाणी थांबला. “सर, हा ख बघा. आगेमागे काय नाय. रखमाकाकूच आहे हे.”

मला ते हवं होतं. मग आम्ही ख शोधत सुटलो. पानापानांवर ख होते. प्रितम मोजत होता आणि खूश होत होता. मीच मग म्हणालो की खाडीतही ख असतो. खतात असतो, खर्चात असतो. स्टोअरकीपर माणूस, दिवसभर खोकी आणि खिळे लिहीत असेल. प्रितमने पडद्यावरचं बोट काढलं. त्यानंतर आम्ही ख शोधले नाहीत.

एक गोष्ट मात्र धडधडीत वाचता येत होती. किसनच्या जवळजवळ प्रत्येक पानाखाली इंग्रजीतली एक ओळ होती: ‘ऑफ टॉपिक. प्लीज कीप टू द सब्जेक्ट. सिसॉप.’ सिसॉप म्हणजे बोर्डाचा मालक, म्हणजे मी. ही ओळ मी टाइप करत नसे. सॉफ्टवेअरमध्ये ती तयारच होती. एक बटण दाबलं की आपोआप चिकटायची. बातम्यांच्या पानावर बातम्यांचंच बोलावं, एवढी साधी शिस्त. शिस्त नसती तर बांधाचा महिनाभरात मासळीबाजार झाला असता, हे मी आजही म्हणेन. पण मी ते बटण इतक्या वेळा दाबलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पान उलटावं, दोन भ, एक ठ, आणि खाली मी. पुन्हा पान उलटावं, एक ख, आणि खाली मी.

प्रितमने पडद्याकडेच बघत विचारलं, “सर, ही लाइन उडवू का? सेकंदाचं काम आहे.”

मी म्हटलं, राहू दे. ती काढली तर तारखेखेरीज पानावर धड काहीच उरत नव्हतं. शिवाय वहिनींना इंग्रजी कुठे येतं. प्रितम बरं म्हणाला आणि प्रिंटरला कागद लावायला उठला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी ती पानं घेऊन गेलो. प्रितम आला नाही. त्याला काम होतं म्हणे. खोलीत किसनचा फोटो लावला होता, कंपनीच्या आयकार्डावरून मोठा केलेला, त्यामुळे त्यात तो कुणी काही विचारल्यासारखा सरळ समोर बघत होता. गावाकडची मंडळी समाजमंदिरात उतरली होती. घरी दोघीच होत्या. रखमावहिनींनी हात पुसून पानं घेतली. त्यांना सावकाश वाचता येत होतं, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकल्या होत्या. पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट पुढे कुठे न्यावं ते त्यांना कळेना.

मी समजावून सांगितलं. डबा, वाट्या, टपाल, सगळं. मशिनने खाल्लं, असं शेवटी म्हणालो.

“समदं?”

“सगळंच, वहिनी.”

त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं रडतील, तर मला काही बोलता येईल. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा पुन्हा सावरला. “मशीन गेली तर जाऊंद्या. तुमी तर वाचलंय की समदं. तुमाला आठवत असंल. जेवढं आठवतं तेवढं सांगा, पायल लिवून घेईल. उद्या तेच वाचू.”

पायलने वहीतून एक कोरा कागद फाडला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघत बसली.

मी आठवायला लागलो. एका वर्षी कुठल्यातरी नामांकित चिपला भागाकार नीट येत नसल्याची बातमी आली होती. मी ती लिहिली होती. तिच्याखाली किसनने विहिरीचं काहीतरी लिहिलं होतं. विहिरीचं काय, ते आठवेना. मी त्याला काय उत्तर दिलं होतं ते आठवलं, शब्दन् शब्द: किसनराव, भागाकाराचं बोला. नवी विंडोज आली तेव्हा त्याने खिडकीबद्दल, नाही, पाहुण्यांबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल लिहिलं होतं. माझं उत्तर आठवलं. लोक त्यावर हसले होते, तेही आठवलं. मी एकेक बातमी आठवत गेलो. प्रत्येक बातमीखाली मला माझा आवाज ऐकू येत होता, स्वच्छ, ठणठणीत, आणि त्याच्या जागी नुसती हवा होती. तीन वर्षं तो माणूस माझ्याशी बोलत होता. त्याचं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. खरं तर मी त्याचं शेवटपर्यंत वाचतच नव्हतो. वरच्या दोन ओळी बघून उत्तर द्यायचो, कारण उत्तर माझ्याकडे आधीच तयार असायचं. आणि मला वाटतं बांधावर आम्ही सगळेच असे होतो. स्मिताचा प्रश्न बरोबर होता, असं मी म्हटलंच आहे.

“विहिरीचं काहीतरी होतं,” मी म्हणालो.

पायलने लिहिलं: विहीर. पेन थांबवून ती वाट बघत राहिली.

“कुठली?” रखमावहिनींनी विचारलं. “आमच्या वस्तीवरची? का माझ्या माहेरची?”

बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं. वहिनींनी मला पाणी दिलं, चहा टाकते म्हणाल्या, मी नको म्हटलं. तेवढ्यात पायल ती पानं चाळायला लागली होती. मी तिला थांबवायला हवं होतं, पण काय म्हणून थांबवणार?

“काका, ही एक ओळ सगळीकडे नीट आलीय,” ती म्हणाली. “इंग्लिशमध्ये आहे. प्रत्येक पानावर तीच आहे.”

“काय हाय ती?” वहिनी पुढे सरकल्या. “वाच की. त्यांचं हाय का?”

पायलने ती मनातल्या मनात वाचली. मग खालचं नाव वाचलं असणार, कारण तिने माझ्याकडे बघितलं. वयाच्या मानाने पोरगी शहाणी. तिने आवाजात काही येऊ दिलं नाही.

“बाबांचं नाही, आई. काकांनी बाबांना लिहिलंय. विषय सोडून बोलू नका, असं.”

“दर पानाला?”

“हो.”

रखमावहिनींनी तिच्या हातातून पानं घेतली. कडा जुळवल्या, मांडीवर ठेवली आणि त्यांवर हात ठेवून बसल्या. मला वाटलं आता त्या मला जा म्हणतील. तसं म्हटलं असतं तर मी ऋणी राहिलो असतो.

“घरी मी बी हेच म्हनायची, भाऊ,” त्या म्हणाल्या. “कुठलं बी कुठं न्यायचे. मुद्द्याचं बोला, म्हनायची मी. मला कामं असायची. मग ते बोलायचंच सोडून बसले.” त्यांनी पानांवरून एकदा हात फिरवला. “तुमी त्या दिवशी आलात तवा बरं वाटलं व्हतं. म्हटलं, माझ्याकडं न्हाई तर न्हाई, तिकडं तरी कुनी ऐकत व्हतं.”